मोटारसायकलचा विमा आणि वर्षाच्या किलोमीटरचा अंदाज



या पानावर आम्ही एरवी बेणेमळा, खोडवा, खतांचे हप्ते, हुमणी असे विषय मांडत असतो. या खेपेस विषय मोटारसायकलच्या विम्याचा आहे, हे पाहून काही मंडळी म्हणतील की शेतकी खात्याला आता ऊस पुरेनासा झाला वाटतं! तसे नाही. पूर्वी सभासदाच्या दारात बैलजोडी असे, आज मोटारसायकल आहे. बैलजोडी राहिली नाही अशी घरे पुष्कळ, पण मोटारसायकल नाही असे घर आमच्या गटांत शोधावे लागेल. दूध घालायचे तिच्यावर, मोटर चालू करायला जायचे तिच्यावर, टोळी फडात आली की नाही ते बघायला जायचे तेही तिच्यावरच. आणि हा लेख लिहिण्यास आणखी एक कारण झाले आहे. ते थोडे आमच्या चुकीचे आहे, म्हणून पुढे सविस्तर सांगू.

अलीकडे मोटारसायकलचा विमा घेताना काही ठिकाणी एक नवा प्रश्न विचारला जातो. ‘गाडी वर्षाला किती किलोमीटर चालते?’ हा प्रश्न कुठून आला, ते आधी समजून घेतले पाहिजे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये कंपन्यांना अशी मुभा दिली की, गाडी जितकी चालेल त्या मानाने हप्ता आकारणारी सवलत त्यांनी मोटार व दुचाकी यांच्या विम्याला जोडून द्यावी. गाडी कमी चालते तर धोका कमी, धोका कमी तर हप्ता कमी, असा साधा हिशेब त्यामागे आहे. सगळ्याच कंपन्या दुचाकीला ही सवलत देतात असे नाही. जिथे ती घेतली जाते तिथे तुम्ही सांगितलेला किलोमीटरचा आकडा पॉलिसीवर छापून येतो. तो नुसता माहितीसाठी नसतो, ती तुमची मर्यादा होते. इथेच आपली मंडळी फसतात.

आता हा आकडा विम्याच्या कुठल्या भागाला लागू होतो, हे नीट ध्यानात घ्या. मोटारसायकलच्या विम्याचे मुख्य भाग दोन. पहिला भाग दुसऱ्याच्या नुकसानीचा, ज्याला आपण ‘थर्ड पार्टी’ म्हणतो. आपल्या गाडीने दुसरा माणूस दगावला किंवा जखमी झाला तर त्याची भरपाई यातून मिळते. हा भाग कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवते. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात ७५ सीसीपर्यंतच्या गाडीला वर्षाला ५३८ रुपये, ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीला १३६६ रुपये आणि त्यावरच्या गाडीला २८०४ रुपये असे दर आहेत. जीएसटी त्यावर वेगळा. गाडी वर्षात पाचशे किलोमीटर चालो की पन्नास हजार, या दरात एक पैशाचा फरक पडत नाही. तो इंजिनावर आहे, पळण्यावर नाही.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. गाडी पडली, मोडली, जळाली, पुरात गेली, चोरीस गेली तर त्याची भरपाई. हा भाग ऐच्छिक आहे आणि किलोमीटरचा प्रश्न फक्त याच भागापुरता आहे. तेव्हा तुमची गाडी दहा-बारा वर्षांची असेल आणि तुम्ही नुसता थर्ड पार्टी विमा घेत असाल, तर किलोमीटरचा आणि तुमचा काही संबंध येत नाही. त्यांनी पुढचे वाचले नाही तरी चालेल. मात्र विमा संपलेला नाही ना, एवढे आजच्या आज बघावे. त्याबद्दल शेवटी दोन शब्द लिहिले आहेत, तेवढे तरी वाचावेतच.

नवी गाडी घेतलेल्यांचा एक घोळ आमच्या वारंवार पाहण्यात येतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. १५० सीसीपर्यंतच्या नेहमीच्या गाडीला २०२२ च्या दराने तो ३८५१ रुपये पडतो. शोरूमवाला सांगतो, ‘पाच वर्षं बघायचं काम नाही.’ आपला सभासद ते कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवून देतो. पण त्या कागदावर बारीक अक्षरात तारखा दोन असतात. थर्ड पार्टी पाच वर्षांचा आणि गाडीच्या नुकसानीचा बहुधा एकाच वर्षाचा. दुसऱ्या वर्षी गाडी मोडली की मग कळते, गाडीचा विमा कधीच संपलेला आहे. हा दुसरा भाग दरवर्षी वेगळा घेता येतो आणि तो घेतानाच किलोमीटरचा प्रश्न पुढे येतो.

आता अंदाजाचे सांगतो. अंदाज हा तर आमचा धंदाच आहे. दर साल गळितापूर्वी आम्ही फडोफड फिरून एकरी उताऱ्याचे अंदाज बांधतो. बांधावर उभे राहून सभासदास विचारावे, ‘किती निघेल?’ तर उत्तर ठरलेले असते. ‘सायेब, ऐंशी टन तर कुठं गेलं न्हाई!’ मग आम्ही फडात शिरतो. चार फुटी सरी असेल तर एकरात सरीची एकूण लांबी १०,८९० फूट भरते. दहा फूट सरीतले गळितालायक ऊस मोजायचे. सदतीस भरले तर एकरी चाळीस हजारांच्या आसपास ऊस झाला. चार ठिकाणचे ऊस तोडून वजन घ्यायचे. सव्वा किलोची सरासरी आली तर पन्नास टन. काट्यावर बावन्न भरतात आणि ऐंशी म्हणणारा माणूस काट्याकडे संशयाने बघतो.

हाच माणूस मोटारसायकलचा अंदाज सांगताना मात्र उलटे करतो. ‘किती चालते गाडी?’ ‘कुठं लांब जातोय वो, गावातल्या गावात. हजार-दोन हजार लिवा की.’ उसाचा अंदाज वर आणि गाडीचा अंदाज खाली! दोन्हीकडे नजर चुकते ती आपल्या सोयीच्या बाजूनेच चुकते, असे आमचे मत झाले आहे.

तेव्हा गाडीचाही अंदाज फडात शिरूनच बांधावा लागतो. नुकतेच आम्ही एका सभासदाचे ओसरीवर बसून हे गणित केले. ते वस्तीवर राहतात. गाडी शंभर सीसीची. त्यांचा स्वतःचा अंदाज वर्षाला दोन-अडीच हजार किलोमीटर. आम्ही एकेक फेरी लिहून काढली.

आधी दूध. वस्तीपासून डेअरी तीन किलोमीटर. जाऊन-येऊन सहा, सकाळ-संध्याकाळ मिळून बारा. गायीला सुट्टी नसते, त्यामुळे ३६५ दिवस धरले. झाले ४,३८० किलोमीटर. म्हणजे जो माणूस म्हणतो ‘मी कुठं जात न्हाई’, त्याने नुसते दूध घालण्यातच त्याच्या अंदाजाच्या जवळपास दुप्पट मजल मारली आहे. हा आकडा कागदावर आल्यावर ते गृहस्थ थोडा वेळ गप्पच बसले.

मग आठवड्याचा बाजार. तालुक्याचे गाव अठरा किलोमीटर, म्हणजे छत्तीस, बावन्न आठवड्यांचे १,८७२. विहिरीवरची मोटर दोन किलोमीटरवर. विजेची पाळी आठवडा दिवसा, आठवडा रात्री. पावसाळा आणि नळीने पाणी द्यायचे दिवस वजा करून वर्षात १२० खेपा धरल्या, चार किलोमीटरप्रमाणे ४८०. कारखान्यावर येणे नोंदीसाठी, बिलासाठी, सभेसाठी, अशा सहा खेपा, चव्वेचाळीसप्रमाणे २६४. पाहुणे-रावळे, लग्नसराई, जत्रा मिळून त्यांनी स्वतःच नऊशे सांगितले. सगळी बेरीज ७,८९६.

आता काट्यावर वजन करायचे. आम्ही त्यांना सर्व्हिसिंगचे कार्ड आणायला सांगितले. गॅरेजवाला, निदान कंपनीचा सर्व्हिस सेंटरवाला, गाडी आत घेताना मीटरचा आकडा आणि तारीख लिहून घेतो. बरोबर वर्षापूर्वीची पावती सापडली. त्यावरचा आकडा आणि दारातल्या गाडीचा आकडा यांची वजाबाकी ८,६२० आली. आमच्या बेरजेपेक्षा ७२४ किलोमीटर जास्त. हे कुठून आले, म्हणून आम्ही विचारात असता आतून घरधनीणबाईंचा आवाज आला, ‘ते आमच्या बाळासायबांचं असणार, रोज सांजच्याला गाडी घेऊन जातोय न्हवं!’ चिरंजीव बारावीला आहेत. वय आणि लायसन्स विचारले तेव्हा उत्तर जरा लांबले. त्याचे असे आहे की, अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती गाडी दिली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद कायद्यात आहे. लायसन्स नसलेल्या हातून गाडी मोडली तर स्वतःच्या नुकसानीची भरपाई मागायला जागा राहत नाही. ते प्रकरण तिथल्या तिथे मिटले, निदान आमच्यासमोर तरी.

ज्यांच्याकडे सर्व्हिसची जुनी पावती नाही, त्यांनी पेट्रोलवरून काढावे. याच सभासदांचे पेट्रोल आठवड्याला साधारण तीनशे रुपयांचे. लिटरला १०५ रुपये भाव धरला तर पावणेतीन लिटरच्या वर थोडे. गाडी लिटरला खरोखर ५५ किलोमीटर देते असे धरले तर आठवड्याला १५७ आणि वर्षाला सुमारे ८,१७०. मीटरच्या आकड्याच्या जवळच आले. इथे ‘खरोखर’ या शब्दावर आमचा भर आहे. जाहिरातीत गाडी लिटरला ऐंशी देते, पाणंदीच्या रस्त्याला आणि मागे दोन कॅन बांधल्यावर देत नाही. टाकी पूर्ण भरून मीटर लिहून ठेवावा, पुन्हा टाकी पूर्ण भरेपर्यंत चालवावी आणि किती लिटर बसले त्याने भागावे. एवढे केले म्हणजे खरा ॲव्हरेज कळतो.

एक चूक शिकलेली मंडळीसुद्धा करतात. दोन-तीन महिन्यांचा आकडा घेऊन त्याला चार-पाचने गुणून मोकळे होतात. नोकरदाराचे एक वेळ चालेल, त्याचे बारा महिने सारखेच. ऊसवाल्याचे वर्ष सारखे नसते. आम्हाला प्रवासभत्त्यासाठी डायरी ठेवावी लागते, तीच उघडून दाखवतो. एका वर्षी आमची मोटारसायकल जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ३,९०० किलोमीटर चालली. ऑक्टोबर ते जानेवारीत ७,७०० आणि फेब्रुवारी ते मे ६,५००. एकूण १८,१०० झाले. आम्ही पावसाळ्याच्या आकड्याची तिप्पट केली असती तर ११,७०० लिहून बसलो असतो, आणि हंगाम संपायच्या आत मर्यादा संपली असती. सभासदाचे एवढे नसेल, पण प्रकार तोच. पावसाळ्यात उसाला पाणी नाही, रस्त्याला चिखल, गाडी पडवीत. तोडणी सुरू झाली की मात्र मुकादमाच्या मागे, चिटबॉयच्या मागे, ट्रॅक्टरवाल्याच्या मागे चकरा. पुढे खोडव्याच्या पाचटाची कुट्टी आणि सुरूची लागण. म्हणून वर्षाचा आकडा पुऱ्या वर्षावरूनच काढावा. एका खरिपावरून किंवा एका हंगामावरून काढू नये.

आता आमच्या चुकीचे सांगतो.

आमच्या एका गटातील सभासद, वय पस्तीसच्या आसपास, कष्टाळू माणूस. १२५ सीसीची गाडी. विम्याचे नूतनीकरण करताना एजंटाने किलोमीटर विचारले. त्या वेळी आम्ही योगायोगाने त्यांच्याच दारात नोंदीच्या कामासाठी बसलो होतो. त्यांनी आमच्याकडे बघितले. आम्हीही विचार न करता म्हणालो, ‘लिहा की अडीच हजार, हप्ता कमी बसेल.’ हप्त्यात दीडशे रुपये वाचले. आमचा सल्ला म्हणजे खात्याचाच सल्ला, असे त्यांनी धरले.

पुढे जानेवारीत, रात्री नऊच्या सुमारास, फडात टोळीने गाडी भरली ते बघून ते घरी निघाले. वळणावर उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागे लावलेली लाल पट्टी चिखलाने माखलेली. समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड डोळ्यांवर आला आणि ते ट्रॉलीवर जाऊन आदळले. जीव वाचला, पाय मोडला. गाडीचा पुढचा भाग, टाकी, हँडल सगळे गेले. दुरुस्तीचा अंदाज १८,६०० रुपये.

तपासणीस आला. त्याने पहिला फोटो मीटरचा काढला. पॉलिसी घेऊन नऊ महिने झाले होते आणि तेवढ्यात गाडी ६,१३४ किलोमीटर चालली होती. घोषित मर्यादा अडीच हजार. त्यांनी घेतलेल्या योजनेत मर्यादा संपल्यानंतरच्या नुकसानीची भरपाई नव्हती. दावा नामंजूर झाला. आम्ही त्यांच्याबरोबर जाऊन शाखेत बसलो, अर्ज लिहिला, पण कागदावर कंपनीचे बरोबर होते आणि आमचे चूक. बाहेर आल्यावर ते आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

दीडशे रुपयांसाठी साडेअठरा हजार, असा तो सौदा झाला. इतरांसाठीही गणित याच घाटाचे आहे. समजा, साध्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता सहाशे रुपये आहे आणि कमी किलोमीटरसाठी वीस टक्के सूट मिळाली, तर वाचले १२० रुपये. थर्ड पार्टीचे ७१४ आहेत तेवढेच राहतात. सवलत सांगताना टक्केवारी मोठी दिसते, पण ती लहान भागावर आहे, हे एजंटाने सांगितले नाही तरी आपण ओळखावे.

म्हणून आता आमचे मत असे की, जी गाडी रोज दूध घालते, तिने या सवलतीच्या नादी लागू नये. साधा पूर्ण विमा घ्यावा, किलोमीटरचे बंधनच नको. ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी पुऱ्या वर्षाचा आकडा काढून त्यावर दहा-पंधरा टक्के वाढवावेत आणि वरचा टप्पा घ्यावा. वर सांगितलेल्या ८,६२० वाल्या सभासदांचे दहा टक्के धरले तरी साडेनऊ हजारांच्या घरात जाते. अशा योजनांचे टप्पे उदाहरणादाखल अडीच हजार, पाच हजार, साडेसात हजार असे असतात. म्हणजे त्यांच्या हाती सवलत म्हणून फारसे काही लागत नाही. आणि यंदा आडसाली लागण वाढवली, दुसऱ्या शिवारात जमीन खंडाने घेतली, मुलगी तालुक्याला कॉलेजात जाऊ लागली, असा काही बदल असेल तर गेल्या वर्षीचा आकडा यंदाला लागू पडत नाही. हेही धरावे.

मग ही सवलत कोणाच्या कामाची? ज्या घरात दोन गाड्या आहेत आणि दुसरी फक्त सणावाराला निघते, त्यांच्या. हौसेची बुलेट घेतलेले सभासद आता प्रत्येक गटात आहेत. ती गाडी दसऱ्याला, जत्रेला आणि सोयरिकीला निघते, एरवी सोप्यात चादरीखाली. ३५० ची बुलेट प्रत्यक्षात ३४९ सीसीची असल्यामुळे थर्ड पार्टीला १३६६ रुपयांतच बसते. पण गाडीची किंमत मोठी, त्यामुळे स्वतःच्या नुकसानीचा हप्ताही मोठा. ती वर्षाला दीड हजार किलोमीटर चालत असेल तर तिथे टक्केवारीला अर्थ आहे. अशांनी जरूर विचारावे. विचारताना तीन गोष्टी लेखी मागाव्यात. मर्यादा संपत आली तर मध्येच जादा किलोमीटर विकत घेता येतात का, संपल्यावर भरपाई अजिबात मिळत नाही की कापून मिळते, आणि गाडी चोरीस गेली तर काय. प्रत्येक कंपनीचे उत्तर वेगळे असते. तोंडी उत्तरावर विसंबू नये, आम्ही विसंबून घेतलेला अनुभव वर दिलाच आहे.

अशा योजनेत सुरुवातीला मीटरचा फोटो घेतला जातो. आमच्या पाहण्यात निम्म्या जुन्या गाड्यांची मीटरची तार तुटलेली असते, काटा शून्यावर झोपलेला असतो आणि कुणाला त्याचे काही वाटत नाही. मीटर बंद असलेल्या गाडीने ही सवलत घेणे म्हणजे काटा नसताना ऊस घालण्यासारखे आहे. तार बदलायला फारसा खर्च नाही, तो आधी करावा. मध्येच मीटर बंद पडला तर कंपनीला लेखी कळवावे. मीटर मागे फिरवून देणारे काही कारागीर आहेत, असे कानावर येते. त्यांच्या वाटेला जाऊ नये. सर्व्हिसच्या नोंदीत जुना आकडा राहिलेला असतो आणि खोटे सापडले की सगळीच पॉलिसी अडचणीत येते.

दुधावरून आणखी एक आठवले. दुचाकीच्या पॉलिसीत वापराची मर्यादा म्हणून मजकूर असतो. त्यात भाड्याने वापर आणि मालाची वाहतूक वगळलेली असते. घरचे दूध डेअरीला घालणारा आणि साऱ्या वस्तीचे दूध पैसे घेऊन गोळा करणारा, यांत फरक केला जाऊ शकतो. जे संकलनाचे काम करतात त्यांनी ते न लपवता कंपनीला सांगावे आणि त्याला योग्य असा विमा कोणता, ते विचारून घ्यावे.

नूतनीकरणाची तारीख चुकवू नये. वर्षभर दावा केला नाही तर पुढच्या वर्षी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर वीस टक्के सूट मिळते आणि ती पाच वर्षांत पन्नास टक्क्यांपर्यंत चढते. मुदत संपून नव्वद दिवस उलटले की ती सगळी बुडते. किलोमीटरच्या सवलतीमागे धावताना ही बिनकष्टाची सवलत आपली मंडळी नुसत्या आळसाने घालवतात.

आता ज्यांचा विमाच संपलेला आहे त्यांच्याबद्दल. विमा नसताना पकडले तर पहिल्या वेळी दोन हजार आणि पुन्हा पकडले तर चार हजार रुपये दंड, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून पोलीस उभा असेल तो रस्ता टाळून आडवाटेने जायचे, एवढाच उपाय लोक करतात. पण दंड ही किरकोळ बाब आहे. आपल्या गाडीखाली कुणी दगावला आणि विमा नसला, तर अपघात न्यायाधिकरण जी भरपाई ठरवील ती मालकाने भरायची असते. न भरल्यास ती रक्कम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. ज्याची सारी मिळकत म्हणजे सातबारावरचे दोन एकर, त्याने ७१४ रुपयांच्या पावतीकडे या नजरेने बघावे. गाडी कितीही जुनी असो, कितीही थोडी चालो, हा भाग सुटता कामा नये. त्याबरोबर मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घ्यायचा असतो, तोही घ्यावा. मात्र तो मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे. पाय मोडला तर दवाखान्याचे बिल त्यातून निघत नाही, हे आमच्या वरील सभासदांना शाखेतच कळले.

ज्या सभासदांना आकडा काढून हवा असेल, त्यांनी ऊस नोंदीच्या कामासाठी गट कार्यालयात येताना विम्याची पॉलिसी आणि सर्व्हिसची जुनी पावती बरोबर आणावी. आमचे कर्मचारी पाच मिनिटांत हिशेब मांडून देतील. सल्ला मात्र आता पूर्वीसारखा तोंडी देऊ नये, कागदावर लिहून द्यावा, अशी सूचना आम्ही त्यांना व स्वतःलाही केली आहे. जुनी पावती नसेल तर खंडेनवमीला गाडी धुऊन, हार घालून पुजता, त्याच दिवशी मीटरचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या चौकटीत लिहून ठेवा आणि वर्ष संपले म्हणून ते पान फाडू नका. पुढच्या खंडेनवमीला वजाबाकी करायला ते लागेल.